गोष्टीच्या पुस्तकातले गणित



या व्यासपीठावरून आपण गेल्या काही संध्याकाळी राज्यघटना ऐकलीत, ज्ञानेश्वरी ऐकलीत, पाटबंधारेही ऐकलेत. त्या मानाने आजचा विषय अगदीच पोरवयाचा आहे. मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकांतून गणित शिकवता येईल काय, आणि येत असेल तर ते कसे शिकवावे, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे. पण विषय लहान असला, तरी त्यात गुंतलेली गोष्ट लहान नाही. ती ध्यानात यावी म्हणून आम्ही प्रारंभी आपल्यालाच एक उदाहरण घालतो. एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत. तर त्या जहाजाच्या कप्तानाचे वय किती?

आपण हसलात, हे बरे झाले. फ्रान्समधल्या ग्रेनोबल येथील गणित-शिक्षणाच्या संशोधन-संस्थेने १९८०च्या सुमारास हाच प्रश्न सात ते नऊ वर्षांच्या ९७ मुलांना लेखी दिला होता. त्यांतली ७६ मुले हसली नाहीत. त्यांनी दिलेले आकडे घेऊन काहीतरी क्रिया केली आणि उत्तर लिहिले. सव्वीस आणि दहा छत्तीस, म्हणून कप्तान छत्तीस वर्षांचा! ही मुले मंद होती असे समजण्याचे कारण नाही. ती आपल्या घरातल्या मुलांसारखीच होती. आज घरी गेल्यावर नातवंडांना विचारून पाहा. मात्र गंमत म्हणून विचारू नका, वही-पेन्सिल देऊन, मास्तरी आवाजात विचारा.

असे का होते? आमच्या मते मुलाने शाळेत एक नियम नकळत शिकून घेतलेला असतो. पुस्तकात दोन आकडे दिसले की त्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार वा भागाकार करावयाचा, आणि चारांतले कोणते करावयाचे ते धड्याचे नाव पाहून ठरवावयाचे. उदाहरणातल्या माणसांशी त्याला कर्तव्य नसते. कारण ती माणसे माणसे नसतातच. आपल्या अंकगणिताच्या पुस्तकांतला तो हौद आठवा. एका तोटीने तो आठ तासांत भरतो, दुसरीने बारा तासांत रिकामा होतो, आणि दोन्ही तोट्या एकदम सोडल्या आहेत. आमच्या पिढीने असे शेकडो हौद भरले. पण खालची तोटी बंद का करीत नाही, असे विचारण्याची छाती एकालाही झाली नाही. विचारले असते तर छडी मिळाली असती. आता छडी गेली, हौद मात्र शिल्लक आहे.

हेच मूल आजीच्या मांडीवर गोष्ट ऐकताना पाहा. तेथे ते निराळेच असते. राक्षस एका घासात गाव गिळतो म्हटले, तर त्याचे तोंड केवढे होते म्हणून विचारते. काल गोष्टीत सहा भाऊ होते आणि आज आजीने सात सांगितले, तर लगेच पकडते. गोष्टीतल्या जगावर त्याचा हक्क असतो. ‘हे असे होणार नाही’ असे म्हणण्याचा हा हक्क गणिताच्या तासालाही मुलाजवळ राहावा, एवढ्यासाठी आम्ही गोष्टीच्या पुस्तकाकडे वळलो. तास गोड व्हावा, हा त्यातला मुख्य हेतू नव्हे.

आता आपल्या सर्वांच्या ओळखीची गोष्ट घेऊ. तहानलेला कावळा, तळाशी पाणी असलेले मडके, आणि खडे. ही गोष्ट आपण चातुर्याची म्हणून सांगतो आणि पुढे जातो. पण मुलांना घेऊन एक काचेची बरणी, पाणी आणि मूठभर खेळायच्या गोट्या घ्या, आणि कावळ्याने केले ते करून पाहा. बरणीत पाणी अगदी तळाला असेल, तर गोट्या काठापर्यंत भरल्या तरी पाणी वर येत नाही! आमच्याजवळ जमलेल्या मुलांना पहिल्यांदा हे दिसले, तेव्हा कावळ्याला खोटे पाडल्याचा त्यांना केवढा आनंद झाला! मग विचार सुरू झाला. गोटी पाण्याला वर ढकलते हे खरे. पण गोट्या-गोट्यांमध्ये फटी राहतात आणि त्या फटी पाणी पिऊन बसतात. सारख्या आकाराच्या गोल गोट्या भांड्यात कशाही ओतल्या, तर शंभर भाग जागेपैकी साठ-पासष्ट भाग गोट्या व्यापतात आणि पस्तीस-चाळीस भाग पोकळ राहतात. म्हणजे सरळ बाजूंच्या भांड्यात मुळात पाणी एक-तृतीयांशाहून कमी असेल, तर कावळ्याने मरेपर्यंत गोट्या टाकल्या तरी पाणी काठाला लागावयाचे नाही. दोन-पंचमांशांच्या आसपास असेल, तर त्याचे काम होईल. एक मुलगी म्हणाली, “मग त्याने खड्यांवर वाळू टाकायची!” तिचे म्हणणे बरोबर होते, वाळू फटींत शिरते आणि तेथले पाणी वर निघते. दुसऱ्याने विचारले, मडके मध्ये फुगीर आणि गळ्याशी अरुंद असते, मग पोटाशी एक खडा टाकला तर पाणी जेवढे चढेल तेवढेच गळ्याशी चढेल काय? हा मुलगा आठ वर्षांचा होता. घनफळ हा शब्द त्याने ऐकलेला नव्हता. पण घनफळ, उंची आणि तळाचे क्षेत्र यांचा संबंध त्याच्या बोटांना कळला होता.

जाता जाता सांगतो, इसापाचा कावळा अगदीच काल्पनिक नाही. इंग्लंडात केंब्रिज येथील संशोधकांनी २००९ साली पाळीव रूक पक्ष्यांपुढे — हे कावळ्याचेच भाऊबंद — पाण्याची नळी ठेवली आणि पाण्यावर एक अळी तरंगत ठेवली. त्या पक्ष्यांनी दगड टाकून पाणी वर आणले, आणि लहान दगडांपेक्षा मोठे दगड पसंत केले. आमच्या मुलांना हे सांगितले तेव्हा त्यांना पक्ष्यांचे नवल वाटले नाही. नळीत मुळात पाणी किती होते, एवढेच त्यांनी विचारले.

गोष्टीतून गणित ही कल्पना पाश्चात्त्यांकडून आलेली आहे, असे समजण्याची मात्र गरज नाही. ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी रचला; ‘लीलावती’ हा त्याचाच भाग. चाळीसगावजवळच्या पाटण येथल्या शिलालेखावरून असे दिसते की, त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तेथे मठ स्थापला होता. लीलावती ही त्यांची मुलगी आणि तिच्या लग्नाची घटका चुकली, ही हकीकत फैजीच्या १५८७ सालच्या फारसी भाषांतरातली आहे. ती खरी मानावी की नाही हे आपण आपले ठरवावे. पण पुस्तकातली उदाहरणे पाहा. एका भुंग्यांच्या थव्यातले एक-पंचमांश कदंबावर गेले, एक-तृतीयांश दुसऱ्या फुलावर गेले, या दोहोंच्या वजाबाकीच्या तिप्पट कुड्यावर गेले, आणि एकटा भुंगा दोन सुगंधांमध्ये घोटाळत राहिला. थवा पंधराचा. अर्जुनाने कर्णावर सोडलेले बाण आहेत, ते शंभर भरतात. नऊ हातांच्या खांबावर मोर बसला आहे आणि खांबाच्या बुडाशी असलेल्या बिळाकडे सत्तावीस हातांवरून साप येत आहे; दोघे सारखेच अंतर तोडतात, तर मोर सापाला बिळापासून बारा हातांवर गाठतो.

येथे आम्ही थोडे धाडसाने बोलतो. आचार्यांची सगळीच उदाहरणे गोष्ट म्हणून सारख्या तोलाची नाहीत. भुंग्यांच्या जागी आंबे घातले किंवा हत्ती घातले, तरी गणित तेच राहते. भुंगे हा वर दिलेला मुलामा आहे, मोठा सुंदर, पण मुलामाच. तळ्यातल्या कमळाचे तसे नाही. कमळाची कळी पाण्यावर अर्धा हात आहे, वाऱ्याने ती लवते आणि दोन हातांवर पाण्यात बुडते. तर पाणी किती खोल? येथे कमळ काढून घेतले तर उदाहरणच उरत नाही. देठ तळाशी रुजलेला, लांबी तीच, फक्त कललेला; सरळ उभा देठ, पाण्याची पातळी आणि कललेला देठ मिळून काटकोन त्रिकोण आपोआप उभा राहतो. उत्तर पावणेचार हात येते, आणि दोरी व काठी घेऊन ते अंगणात पडताळता येते. गोष्टीचे पुस्तक निवडताना आम्ही हीच कसोटी लावतो. गोष्टीतला आकडा बदलला तर गोष्ट बदलते काय? बदलत नसेल, तर ते पुस्तक नुसते वाचून आनंद घ्यावा; त्यातून गणित पिळू नये.

या कसोटीला जे पुस्तक सर्वांत खरे उतरते ते मुलांसाठी लिहिलेलेच नव्हते. जोनाथन स्विफ्टचा ‘गलिव्हर’ १७२६ साली निघाला तो मोठ्या माणसांना टोचण्यासाठी. मुलांनी तो आपलासा केला. बोटभर माणसांच्या लिलिपुटात गलिव्हर पडला, एवढे आपल्याला आठवते. पण स्विफ्टने सगळे एका मापाने कापले आहे. तेथले सर्व काही आपल्या बाराव्या हिश्श्याचे आहे. बादशहाचे गणिती गलिव्हरची उंची मोजतात, ती आपल्या बारा पट ठरवतात, आणि त्याला रोज सतराशेहून अधिक लिलिपुटी माणसांचे जेवण लावून देतात. मुलांना विचारावे, उंची बारा पट, तर जेवण बारा पट का नाही? बहुतेक मुले आधी गोंधळतात. मग लाकडी ठोकळे घेऊन बारा लांब, बारा रुंद, बारा उंच असा ढीग करायला बसतात. ठोकळे अर्थातच पुरत नाहीत, आणि न पुरणे हेच उत्तम शिक्षण होते. बारा गुणिले बारा गुणिले बारा म्हणजे १,७२८. पुस्तकाच्या काही आवृत्त्यांत १,७२४ असा आकडा छापलेला आढळतो. तशी प्रत हाती आली तर मुद्दाम तीच मुलांना द्यावी. छापील पुस्तकातली चूक पकडणे यासारखे सुख शाळकरी वयात दुसरे नाही.

पुढे गलिव्हरच्या गादीची हकीकत येते. सहाशे लिलिपुटी गाद्या आणल्या. दीडशे एकमेकींना शिवून लांबी-रुंदी साधली, आणि असे चार थर घातले. तरीही त्याला खालची गुळगुळीत फरशी बोचतच होती. का? लांबीला बारा आणि रुंदीला बारा म्हणजे १४४. दीडशे हा त्याचाच ढोबळ आकडा. पण जाडीसुद्धा बारा पट हवी होती आणि घातले चारच थर. पूर्ण गादीला पुन्हा १,७२८च गाद्या लागल्या असत्या. मिळाल्या सहाशे, म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा. लांबी बारा पट, कापड १४४ पट, भरण १,७२८ पट, हा धडा मोठी मुलेदेखील सूत्र म्हणून पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. फरशी बोचणारा गलिव्हर विसरला जात नाही.

शिवणकाम करणाऱ्या बायकांचेही तसेच. त्या गलिव्हरच्या अंगठ्याचा घेर घेतात आणि बाकीचे माप हिशेबाने काढतात. अंगठ्याच्या दुप्पट मनगट, मनगटाच्या दुप्पट गळा, गळ्याच्या दुप्पट कंबर. सुतळी घ्या आणि घरात सगळ्यांची मापे घेऊन पाहा. लहान मुलांचे, आईचे, आजोबांचे. कोठे जुळते, कोठे जुळत नाही. आणि कंबरेच्या बाबतीत कोणाचे जुळत नाही ते आम्ही येथे सांगत नाही. यातून मुलांना गुणोत्तर तर कळतेच, पण माणसाच्या शरीराविषयीचा नियम हा ढोबळ असतो हेही कळते.

ज्यांची मुले मोठी आहेत त्यांच्यासाठी आणखी एक पायरी. गलिव्हरला खरोखर १,७२८ माणसांचे जेवण लागले असते काय? १९३२ साली माक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की प्राण्याचे वजन वाढते त्या प्रमाणात त्याची भूक वाढत नाही, ती मागे पडते. उंदीर आपल्या वजनाच्या मानाने जेवढे खातो तेवढे हत्ती खात नाही. त्या नियमाने गलिव्हरला सुमारे २७० लिलिपुटी माणसांचे जेवण पुरले असते. बादशहाच्या खजिन्याचे दिवाळे निघाले ते गणित चुकल्यामुळे नव्हे. गणित बरोबर होते, पण ते भुकेला लागू नव्हते. हा भेद ज्याला चौदाव्या वर्षी कळला, त्याला पुढे अर्थशास्त्रातल्या आणि निवडणुकीतल्या पुष्कळ आकड्यांकडे कसे पाहावे ते कळेल.

अलीकडे मुद्दाम गणित मनात ठेवून लिहिलेली चित्रपुस्तकेही निघाली आहेत. त्यांतली सगळीच चांगली नाहीत. पॅट हचिन्स या लेखिकेचे दाराची घंटा वाजण्याचे पुस्तक १९८६ सालचे. आईने बारा बिस्किटे केली आहेत आणि दोन भावंडांना सहा-सहा यायची आहेत. घंटा वाजते, आणखी दोन मुले येतात, वाटा तीन-तीन. पुन्हा घंटा, वाटा दोन-दोन. पुन्हा घंटा, आणि एकेकच. त्यानंतर शेवटची घंटा वाजते तेव्हा मुलांच्या पोटात गोळा येतो, हे आम्ही पाहिले आहे. भागाकाराला पोटातला गोळा चिकटवणारे दुसरे पुस्तक आम्हांला ठाऊक नाही. घंटा कोणी वाजवली ते सांगत नाही. ज्यांना घरी वाचून दाखवायचे आहे त्यांचा विरस होईल. आईने तेराच बिस्किटे केली असती तर काय झाले असते, एवढे मात्र पुस्तक मिटल्यावर विचारण्यासारखे आहे.

जपानचे मित्सुमासा आन्नो, जे २०२० साली निवर्तले, आधी शाळामास्तर होते आणि नंतर जगन्मान्य चित्रकार झाले. त्यांचे मोजणीचे पुस्तक शून्यापासून सुरू होते. पहिल्या पानावर नुसते बर्फाने झाकलेले रान, काहीही नाही. शून्याचे चित्र कसे काढावे हा प्रश्न त्यांनी असा सोडवला. त्यांनी मुलाच्या साहाय्याने केलेल्या दुसऱ्या एका पुस्तकात एक बेट आहे. बेटावर दोन देश, प्रत्येक देशात तीन डोंगर, असे करीत करीत घरे, खोल्या, कपाटे, पेट्या आणि शेवटी प्रत्येक पेटीत दहा बरण्या. बरण्या एकूण ३६,२८,८००. तांदळाच्या एका दाण्याची गोष्ट तर आपल्याकडचीच. डेमी या चित्रकर्तीने १९९७ साली ती नव्याने सांगितली. राणी नावाची मुलगी राजाजवळ पहिल्या दिवशी एक दाणा मागते, रोज दुप्पट, तीस दिवस. बेरीज होते १०७ कोटी ३७ लक्ष ४१ हजार ८२३ दाणे. हा आकडा मुलांना नुसता वाचायला देऊ नये. घरच्या तांदळाचे दाणे मोजून वजन करायला लावावे. हजार दाणे साधारण वीस ग्रॅम भरतात. त्या हिशेबाने राजाला सव्वादोनशे क्विंटलांच्या आतबाहेर तांदूळ द्यावा लागला. दाणा लहान जातीचा की बासमतीचा, यावरून आमच्याकडे दोन भावंडांत भांडण झाले. तेही योग्यच.

आता काही शंका. आमच्या एका वयोवृद्ध मित्रांनी विचारले, “अहो, मग पाढे बुडाले म्हणायचे! पावकी, निमकी, पाऊणकी, औटकी आम्ही तोंडपाठ केली. तुम्ही कावळ्याला पाणी पाजीत बसा.” त्यांना आमचे सांगणे असे की पाढे पाहिजेतच. ज्याला बारा बारे चव्वेचाळासे येत नाही, तो गलिव्हरच्या गादीपाशीच थकून झोपी जाईल. गोष्टीने सराव होत नाही, आणि तो होतो असे सांगणारे पुस्तकविक्रेते आहेत, त्यांच्यापासून सावध राहावे. गोष्टीचे काम निराळे आहे. कोणती क्रिया का करावयाची, आणि आलेले उत्तर खरे असू शकेल काय, हे मुलाने स्वतः विचारावे, एवढे ती करते.

दुसरी शंका मास्तरांविषयी आहे, आणि ती आम्हांला जास्त खरी वाटते. गोष्ट रंगात आली असताना मधेच थांबून, “हं, आता सांगा, किती झाले?” असे विचारणारा मास्तर गोष्टही मारतो आणि गणितही. मुले पुढच्या वेळी गोष्ट ऐकतानाच सावध बसतात. हा केव्हा प्रश्न विचारील याचा नेम नाही, अशी त्यांना भीती वाटते. म्हणून पहिले वाचन निव्वळ गोष्टीचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच गोष्ट, आणि तेव्हाही शक्य तो प्रश्न मुलांकडून येऊ द्यावा. गिजुभाई बधेका यांनी भावनगरला १९२० साली बालमंदिर काढले. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला शिक्षक वर्गात शिरतो तो गोष्टीच घेऊन. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे कोसबाडच्या आदिवासी मुलांत पाने, बिया, खडे हीच शिक्षणाची साधने केली. या मंडळींजवळ घाई नव्हती. आजच्या शाळेत सर्वांत दुर्मिळ वस्तू कोणती असेल तर ती हीच, आणि तिचा दोष एकट्या मास्तरांवर टाकता येत नाही; अभ्यासक्रम पुरा करण्याची तारीख त्यांच्या मानेवर असते.

मराठीत अशी पुस्तके थोडी आहेत. मंगला नारळीकरांनी ‘गणितगप्पा’ लिहिले; त्या २०२३ साली गेल्या. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात एकवीस ऐवजी ‘वीस एक’ असेही वाचावे अशी सूचना आली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढे वादळ उठले ते आपल्याला आठवत असेल. पक्ष-प्रतिपक्षांत आम्ही पडत नाही. पण त्यातला एक-दशांश उत्साह जरी आपल्या लेखकांनी गोष्टीच्या पुस्तकांकडे वळवला असता, तर कपाट भरले असते. तोपर्यंत पंचतंत्र घरात आहे. सातूच्या पिठाच्या घड्याखाली निजलेला तो ब्राह्मण — पीठ विकून दोन शेळ्या, शेळ्यांच्या करडांवरून गाई, मग म्हशी, घोड्या, वाडा, बायको आणि मुलगा सोमशर्मा. त्याने लाथ मारण्यापूर्वी किती वर्षांचा हिशेब केला होता, हे मुलांना काढू द्यावे. दोन शेळ्यांना दर सहा महिन्यांनी दोन-दोन करडे धरली, तर गाईपर्यंत पोचायला किती दिवस? बोकड किती निघतील, मरतील किती, चारा कोण देईल, हे प्रश्न मुले स्वतःच काढतात. शेतकऱ्यांची मुले तर त्या ब्राह्मणाला जागेवर बसू देत नाहीत.

आपल्या नगरवाचनालयाच्या चिटणिसांनी बालविभागातले एक फडताळ यासाठी मोकळे करून दिले आहे. आज सांगितलेल्यांपैकी गलिव्हरचे मराठी रूपांतर आणि पंचतंत्र तेथे आहेत. चित्रपुस्तके दोन-तीनच आहेत आणि इंग्रजीत आहेत, ती आम्ही वाचून दाखवू. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता सुरुवात कावळ्यापासूनच करावयाची आहे. बरण्या वाचनालयात मिळतील. गोट्या, खडे, वाळू आणि मुले आपापली आणावीत. आणि आजोबांनी आपली सुतळीही.